आमच्या हापशाच्या पाण्याचा आकडा आम्हाला द्या

आमच्या गावाच्या पाण्याची तपासणी, दुरुस्ती आणि निर्णय ज्यांच्या हाती आहे, त्या सर्व अधिकाऱ्यांना आणि लोकप्रतिनिधींना,

सविनय नमस्कार.

यंदा आखाजीला आमच्या गल्लीत पितरांच्या घागरी जारच्या पाण्याने भरल्या. मातीची नवी घागर, वर डांगर, शेजारी सांजोऱ्या, सगळं दरवर्षीसारखं होतं. पाणी तेवढं वीस रुपयांना विकत आणलेलं. माझ्या सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली. ७२ च्या दुष्काळात गल्लीच्या तोंडाशी हापसा बसला, तेव्हा पहिली कळशी त्यांनी भरली होती आणि पुढची पंचेचाळीस वर्षं त्या तेच पाणी प्यायल्या. त्यांच्या नावाची घागर भरताना माझा हात अडला. त्या हापशाचा दांडा तुमच्या माणसांनी काढून नेला आहे, आणि तो का नेला हे आजतागायत कोणी कागदावर सांगितलेलं नाही. तोंडी कारण मात्र साऱ्या गावाला पाठ झालं आहे: पाण्यात युरेनियम आहे.

पांझरा खोऱ्यातल्या एका लहान गावात मी राहते. ३१ वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. गावातली निम्मी घरं माझ्या विद्यार्थ्यांची आहेत. गेल्या तीन महिन्यांत मी दोन अर्ज दिले, दोन वेळा भर उन्हात तालुक्याला येऊन बसले. उत्तर मिळालं नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

हे सुरू कसं झालं ते आधी सांगते. फेब्रुवारीत पाणी शुद्ध करायची मशीन विकणारा एक तरुण गावात आला. पारावर त्याने दोन ग्लास मांडले, एकात मशीनचं पाणी आणि एकात आमच्या हापशाचं. दोन्हींत तारा जोडलेल्या सळ्या सोडल्या आणि वीज चालू केली. दोन मिनिटांत हापशाचं पाणी तपकिरी-हिरवं झालं, वर गाळाचा फेस आला. "हे तुमचं युरेनियम," असं त्याने सांगितलं. बायका तोंडाला पदर लावून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी तोच प्रयोग शाळेच्या जुन्या बॅटरीवर त्याच पारावर करून दाखवला. मशीनच्या स्वच्छ पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि लोखंडी सळ्या सोडल्या. तेही पाणी तपकिरी झालं. जमिनीतल्या पाण्यात क्षार असतात, त्यामुळे त्यातून वीज वाहते. वीज वाहिली की लोखंडी सळई झिजते आणि पाण्यात गंज उतरतो. दिसतो तो रंग सळईचा असतो. युरेनियम धोक्याच्या मर्यादेच्या दहापट असलं तरी पाण्याला रंग येत नाही, वास येत नाही, चव बदलत नाही. डोळ्यांना ते दिसूच शकत नाही. लोकांना पटलं. पण पुढच्याच आठवड्यात तुमचा माणूस येऊन पाण्याचा नमुना घेऊन गेला, आठ दिवसांनी हापशाचा दांडा गेला आणि खांबावर लाल फुली आली. मग माझ्या प्रयोगावर कोण विश्वास ठेवणार? सरकारनेच फुली मारली म्हणजे काहीतरी असणारच, असं लोक म्हणाले, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी सात महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, हाई पानी पोरले पाजू का नको?" इतकी वर्षं मुलांना मी एकच गोष्ट घोकायला लावली: मोजल्याशिवाय बोलू नका. त्या पोरीला उत्तर द्यायला माझ्याकडे मोजमाप नव्हतं. ते तुमच्याकडे आहे, निदान असायला हवं.

आमच्याकडे युरेनियम हा शब्द दोनच गोष्टींशी जोडला जातो, अणुबॉम्ब आणि कॅन्सर. म्हणून ज्या गोष्टी गावाला सांगणं तुमचं काम होतं, त्यातल्या काही मीच इथे सांगते.

युरेनियम हा एक जड धातू आहे. १७८९ साली बर्लिनच्या मार्टिन क्लाप्रोथने पिचब्लेंड नावाच्या काळ्या खनिजात तो ओळखला आणि आठ वर्षांपूर्वी सापडलेल्या युरेनस ग्रहावरून त्याला नाव दिलं. शुद्ध धातू हाती यायला १८४१ उजाडलं. पाण्याने भरलेल्या लिटरच्या तांब्यात किलोभर पाणी मावतं; तोच तांब्या शिशाने भरला तर ११ किलोंच्या वर जाईल, आणि युरेनियमने भरला तर १९ किलोंच्या. एकोणिसाव्या शतकात काचेला पिवळसर हिरवा रंग द्यायला युरेनियमचे क्षार वापरत. १८९६ मध्ये हेन्री बेकेरेलने काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या काचेवर हे क्षार ठेवले, तर उजेड न लागताही काच काळवंडली. किरणोत्सर्ग माणसाला कळला तो तिथून. निसर्गातल्या युरेनियमचा ९९.२७ टक्के भाग युरेनियम-२३८ असतो. तो इतक्या संथपणे क्षय पावतो की निम्मा व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात. अणुभट्टीत मुख्यतः फुटतो तो युरेनियम-२३५, आणि तो शेकडा पाऊण भागही नाही. १९६९ पासून आपल्याच राज्यात तारापूरला त्यावर वीज तयार होते आहे. युरेनियम-२३५ बराचसा काढून घेतल्यावर उरलेला जो जड भाग, तो किरणांना अडवतो म्हणून किरणोपचाराच्या यंत्रांत आच्छादनासाठीही वापरतात. जे नाव ऐकून आमची माणसं पाण्यापासून पळतात, त्याच धातूच्या आडोशाने कॅन्सरच्या दवाखान्यातल्या तंत्रज्ञाचं संरक्षण होतं, हे मी वर्गात मुद्दाम सांगत असे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे युरेनियम जिकडेतिकडे आहे. पृथ्वीच्या कवचात ते चांदीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आहे, टनभर खडकात सरासरी अडीच-तीन ग्रॅम. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ते सुमारे ३ मायक्रोग्रॅम असतं. म्हणून "पाण्यात युरेनियम आहे" हे वाक्य अर्धवट आहे. ते जवळपास प्रत्येक विहिरीबद्दल खरं ठरेल. किती आहे, हे सांगितल्याखेरीज त्या वाक्याला अर्थ येत नाही. हापसा बंद करायला तर त्याचा मुळीच आधार होत नाही.

आमच्या पायाखाली काळा पाषाण आहे, दख्खनच्या लाव्हाचा. त्याचं वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं, आणि हे वय नेमकं करायलाही युरेनियमच कामी आलं: लाव्हाच्या थरांमधल्या झिरकॉन नावाच्या खनिजाच्या बारीक कणांत युरेनियमचं शिसं किती झालं ते मोजून. या काळ्या पाषाणात युरेनियम कमी असतं, टनाला साधारण एक ग्रॅम किंवा त्याहूनही कमी. ग्रॅनाइटमध्ये ते तीन ते पाच ग्रॅम भरतं. म्हणून माझा अंदाज असा, की आमच्या हापशात ते मर्यादेच्या बरंच खाली निघावं.

पण हा माझा अंदाज आहे, आणि त्यावर मी त्या बाळाला पाणी पाजायला सांगणार नाही. खडकात कमी असलं तरी पाण्यात किती उतरेल हे पाण्याच्या स्वभावावर ठरतं. हवेचा प्राणवायू मिसळलेल्या पाण्यात युरेनियम विरघळतं. पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर ते त्याला धरून दूरवर वाहतं. खतांतून झिरपणारा नायट्रेटही खडकात बसलेलं युरेनियम मोकळं करू शकतो, आणि कपाशी, मका, कांद्याला आमच्याकडे किती युरिया पडतो ते मी नव्याने सांगायला नको. फॉस्फेटच्या खतांत, ज्या खडकापासून ती बनतात त्यातलं थोडं युरेनियम येतं. कोळशातही ते अल्प असतं आणि कोळसा जळाला की राखेत दाट होतं. शिवाय बोअर वर्षागणिक खोल चालले आहेत. माझ्या लहानपणी चाळीस हातांवर पाणी होतं, आता चारशे फुटांवरही लागेल याची खात्री नाही. इतक्या खालचं, दगडाच्या फटींत वर्षानुवर्षं मुरलेलं पाणी काय घेऊन वर येतं, ते तपासल्याशिवाय कुणी सांगू नये. मीही नाही आणि तुम्हीही नाही.

मर्यादा ठरलेली आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात ती लिटरला ०.०३ मिलिग्रॅम, म्हणजे ३० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०११ पासून हाच आकडा धरला आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाची किरणोत्सर्गाच्या दृष्टीने ठरवलेली मर्यादा लिटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. घरातल्या भाषेत सांगायचं तर दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये ०.३ ग्रॅम युरेनियम विरघळलं की ते पाणी मर्यादेवर पोचलं. इतक्या कमी प्रमाणात भीती असते ती मुख्यतः मूत्रपिंडाची. जड धातू म्हणून तो तिथल्या नलिकांना त्रास देतो. पोटात गेलेल्यातला बहुतेक भाग शरीर बाहेर टाकतं, शंभरातला एखाद-दुसरा भाग रक्तात जातो, आणि तोही बराचसा लघवीवाटे निघून जातो. पाण्याला हात लावला, अंघोळ केली, भांडी घासली म्हणून काही होत नाही. त्यातून निघणारे अल्फा कण कातडीच्या वरच्या थरातच अडतात. हे तुम्ही एका ग्रामसभेत पंधरा मिनिटांत सांगू शकला असतात. कुणी न सांगितल्याने आमच्याकडच्या काही घरांत हे पाणी वीस-वीस मिनिटं उकळून प्यायला लागले. उकळल्याने युरेनियम जात नाही. पाणी आटतं आणि ते थोडं दाटच होतं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली नमुन्याची. तुमच्या माणसाने पाणी घेतलं ते थंड पेयाच्या वापरलेल्या बाटलीत. मी समोर उभी होते. हापसा आधी हापसून नळीतलं साचलेलं पाणी काढून टाकायला हवं, ते काढलं नाही. बाटलीवर चिठ्ठी लावली नाही, ठिकाण, तारीख, वेळ लिहिली नाही. युरेनियमसाठी नमुना स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत घेऊन त्यात थोडं नायट्रिक आम्ल घालतात, म्हणजे ते बाटलीच्या भिंतीला चिकटून बसत नाही. तेही झालं नाही. अशा बाटलीतून जो आकडा आला असेल तो खरा आहे की खोटा, कमी आहे की जास्त, हे देवालाच ठाऊक.

दुसरी अहवालाची, आणि ही मला सर्वांत जास्त बोचते. मी अहवाल मागितला तर "मॅडम, विषय सेन्सिटिव्ह आहे" असं उत्तर मिळालं. दुसऱ्या खेपेला कोणीतरी म्हणालं, "तीन आलंय." तीन काय? तीन मायक्रोग्रॅम असेल तर समुद्राच्या पाण्याइतकं, मर्यादेच्या दहाव्या भागाइतकं, आणि मग हापसा बंद करायचं कारणच उरत नाही. तीन मिलिग्रॅम असेल तर मर्यादेच्या शंभरपट, आणि मग तुम्ही तीन महिने गप्प कसे? एककाशिवायचा आकडा मी आठवीच्या मुलाच्या उत्तरपत्रिकेतही चालवून घेतला नाही. केंद्रीय भूजल मंडळाने २०२० मध्ये देशभरच्या उथळ भूजलातल्या युरेनियमचा अहवाल उघडपणे प्रसिद्ध केला. भाभा अणुसंशोधन केंद्राने विद्यापीठांना सोबत घेऊन पिण्याच्या पाण्यातलं युरेनियम मोजण्याचा राष्ट्रीय प्रकल्प राबवला. देशाचे आकडे जाहीर होतात आणि आमच्या गल्लीचा एक आकडा मात्र सेन्सिटिव्ह ठरतो, हे मला मान्य नाही.

तिसरी तक्रार पर्यायी पाण्याची. हापसा बंद केलात, पण त्या जागी काही दिलं नाहीत. आठवड्याला एक टँकर येतो, तोही आला तर. ज्यांना परवडतं ते जार घेतात. ज्यांना परवडत नाही, त्या मजुरांच्या बायका नाल्याकाठच्या उघड्या विहिरीवर जातात. ती विहीर मी पाहून आले. कठडा फुटलेला आहे, पाण्यावर पालापाचोळा, बाजूला गुरं. जंतू मारायची टीसीएल पावडर शेवटची कधी पडली ते कुणाला आठवत नाही. एप्रिलमध्ये आमच्या वस्तीतल्या पाच मुलांना जुलाब लागले, त्यातल्या एका मुलीला तीन दिवस सलाईन लावावं लागलं. युरेनियमचा परिणाम झालाच तर तो वर्षानुवर्षं पाणी पिऊन होतो. घाण पाण्याचा परिणाम दोन दिवसांत होतो. न मोजलेल्या धोक्यापासून वाचवायला तुम्ही आमच्या लेकरांना डोळ्यांना दिसणाऱ्या धोक्याकडे ढकललं आहे. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात डोक्यावर हंडा घेऊन एक किलोमीटर चालणारी बाई तुमच्या फायलीत कुठेच नाही.

जारचं पाणी कोण तपासतं, हा प्रश्नही मी विचारला होता. उत्तर नाही.

गावातल्या पाच बायकांना तुम्हीच पाणी तपासायचं शिक्षण दिलं होतं, औषधांच्या बाटल्यांची पेटी दिली होती. त्यांनी बिचाऱ्यांनी त्या पेटीने हापशाचं पाणी तपासलं आणि सगळं ठीक आहे असं सांगितलं. त्या पेटीत युरेनियमची चाचणीच नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आता लोक त्यांना हसतात. त्यांतली एक माझ्यासमोर रडली आणि पेटी शाळेत ठेवून गेली.

आणि अफवा. गाव उठवणार, इथे खाण निघणार, जमिनी घेणार. एकाचा जमिनीचा व्यवहार त्यामुळे मोडला. झारखंडमधल्या जादूगोड्याला किंवा आंध्रातल्या तुम्मलपल्लेला जे खणलं जातं ते खनिज आहे, टनाला निदान काहीशे ग्रॅम युरेनियम देणारं. काळ्या पाषाणाच्या फटीतल्या पाण्यात चिमटीभर काही सापडलं म्हणून कोणी खाण काढत नाही. तुमच्या एका पत्रकाने ही अफवा थांबली असती.

आमच्या मागण्या अशा आहेत.

मार्चमध्ये घेतलेल्या नमुन्याचा अहवाल, जसा आहे तसा, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा: आकडा, एकक, तारीख, कोणत्या पद्धतीने मोजलं आणि कोणत्या प्रयोगशाळेत. अहवाल नसेलच, तर नाही असं लिहून द्या.

गावातल्या सर्व पिण्याच्या बोअरचा, हापशाचा, नाल्याकाठच्या विहिरीचा आणि जारच्या पाण्याचा नमुना नियमाप्रमाणे पुन्हा घ्या. एकदा पाऊस पडण्याआधी, एकदा दिवाळीनंतर, कारण पाण्याची पातळी बदलली की आकडाही बदलतो. युरेनियमसोबत नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतूंचीही तपासणी करा. प्रत्येक बाटलीवर ग्रामसेवक आणि गावातली एक बाई, दोघांच्या सह्या असू द्या.

३० च्या आत आकडा आला तर त्याच दिवशी हापसा सुरू करा आणि ती लाल फुली तुमच्या हातांनी पुसा. ३० च्या वर आला तर तो कायमचा बंद करा. आम्ही एका शब्दाने अडवणार नाही. पण मग नळाने दुसऱ्या स्रोताचं पाणी द्या. शुद्धीकरण यंत्र बसवणार असाल तर त्यातून बाहेर पडणारं दाट पाणी कुठे सोडणार तेही आधी सांगा. ते आमच्याच नाल्यात सोडलं, तर युरेनियम फिरून आमच्याच जमिनीत येईल.

तोवर रोज टँकर पाठवा, आणि विहिरीत टीसीएल पावडर उद्यापासून टाका. याला कोणत्याही प्रयोगशाळेची वाट पाहायची गरज नाही.

ज्या पाच बायकांना पेटी दिली त्यांना परत बोलवा आणि पेटीने काय कळतं, काय कळत नाही ते नीट समजावून सांगा. ग्रामसभेत एखादा जाणकार भूवैज्ञानिक पाठवा. प्रश्न आम्ही विचारू, अहिराणीत विचारू. उत्तर मराठीत दिलं तरी चालेल.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज मी कालच टाकला आहे. तीस दिवसांची मुदत मला ठाऊक आहे, पण नाल्याकाठच्या विहिरीचं पाणी पिणाऱ्या मुलांना तीस दिवस फार होतात.

नमुना घ्यायला याल तेव्हा हापशाचा दांडा सोबत आणा, त्याशिवाय साचलेलं पाणी उपसता येणार नाही. स्वच्छ बाटल्या मी धुऊन, वाळवून, झाकणं लावून ठेवल्या आहेत. आम्ल मात्र तुम्ही आणा. माझं घर हापशाच्या समोरच आहे आणि सकाळी सातपासून मी ओट्यावर असते.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
पांझरा खोरे, खान्देश